विटा वाळायच्या आत

आमच्या गावाबाहेर नदीकाठी वीटभट्टी आहे. पळस फुलला की मी रोज संध्याकाळी तिकडे फिरायला जाते. सोमवारी तिथं विटा थापणाऱ्या कमलबाईंनी हाक मारली, "ताई, मोबाइलमध्ये बघा ना, या आठवड्यात पावसाचं काय म्हणतात?"

मी वाचून दाखवलं. बुधवारपासून मराठवाड्यात विजांसह पाऊस, काही ठिकाणी गारपीट. त्यांच्या मागे कच्च्या विटांच्या लांबच लांब ओळी वाळत होत्या आणि झाकायला एकच फाटकी ताडपत्री होती. कमलबाईंनी मान हलवली आणि पुन्हा साच्यात चिखल भरला.

"मग आता कशाला थापताय?" मी विचारलं.

"हात थांबले की रडू येतं, ताई."

परतताना वाटलं, पुढचं कळून माणसाच्या हाती काय येतं? ज्याच्या डोक्यावर छप्पर आहे, त्याला तयारीला वेळ मिळतो. बाकीच्यांचं दुःख फक्त दोन दिवस आधी सुरू होतं.

बुधवारी दुपारीच पावसानं झोडपलं. गुरुवारी गेले, तर ओळी उरल्याच नव्हत्या. सगळीकडे गुळगुळीत चिखल, आणि वर पुन्हा ढग जमत होते. कमलबाई आणि त्यांचा नवरा बांधावर बसले होते. मीही शेजारी बसले.

नवरा म्हणाला, "चल, आपल्या गावी परत जाऊ."

"तिथं तरी काय आहे?" कमलबाई म्हणाल्या.

कुणीच उठलं नाही.