नाव सांगून झोपा

“साहेब, पार्टी जिन्यात हाय.”

आमच्या कोर्टात हे वाक्य रोज दोन-चारदा तरी ऐकू यायचं. पुकारा करणारे मामा दाराशी अदबीने वाकून ते म्हणायचे आणि लगेच जिना उतरायला लागायचे. पार्टी, म्हणजे पक्षकार, जिन्यात कधीच नसायची. ती खाली आवारात, माझ्या टायपिंगच्या टेबलामागे, कडुनिंबाखाली गाढ झोपलेली असायची.

तुमच्यावर कधी तारखेला जायची वेळ आली असेल, तर तुम्हाला ठाऊक असेल. नाव पुकारलं आणि माणूस समोर नसला की तो गैरहजर. मग वर्षानुवर्षं चाललेला अर्जही एका ओळीत निकालात निघतो. आणि आमच्याकडे तारखेला येणारी बरीचशी माणसं चाकणच्या कंपन्यांतून रात्रपाळी करून थेट आलेली. बाकावर टेकली की त्यांची मान पडायची.

मामांनी यावर स्वतःचा कायदा केला होता. सकाळी आवारात एक फेरी मारायची आणि ज्याचे डोळे मिटायला लागलेत त्याच्यापुढे जाऊन उभं राहायचं. “झोपा बिनघोर. फक्त नाव सांगून झोपा.” ते नाव त्यांनी कधी कागदावर लिहिलेलं मी पाहिलं नाही. हिरवी डब्याची पिशवी म्हणजे अमुक, उशाला हेल्मेट म्हणजे तमुक, असं सगळं डोक्यात. एक पुकारा दारात, दुसरा व्हरांड्याच्या कठड्यावरून, आणि तिसऱ्याला ते खाली येऊन त्या माणसाच्या खांद्याला हात लावत. “उठा राव, तुमचं नाव निघालं.”

एकदा एक साहेब वैतागले. “मामा, कोणत्या जिन्यात आहे पार्टी? आळंदीच्या घाटावर?”

“आपल्याच जिन्यात, साहेब. दम लागतो त्यास्नी.”

साहेब हसले असावेत, कारण ते प्रकरण त्यांनी थोडा वेळ बाजूला ठेवलं.

दुपारच्या चहाला आले की मामा माझी फिरकी घेत. “ताई, आज किती खोटं टाइप केलं?”

“तुमच्या जिन्याएवढं नाही हो.”

मग ते गालातल्या गालात हसत. मी एकदा त्यांना विचारलं होतं, तीनदा ओरडलं की तुमचं काम संपलं, मग वर-खाली कशाला करता? गुडघे जातील. त्यांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, “ऐकू गेलं न्हाई तर त्यो पुकारा कसला, ताई?”

गुडघे गेलेच. मामा निवृत्त झाले आणि शाल-श्रीफळ घेऊन चाकणजवळच्या आपल्या गावी जाऊन बसले. त्यांच्या जागी कोणी येईल म्हणून आम्ही वाट पाहत राहिलो. मग वरून काटकसरीचा आदेश आला, रिकामी पदं भरायची नाहीत. दोन साहेबांमध्ये मिळून एकच शिपाई राहिला, तोही फायली वाहून घामाघूम. पुकाऱ्याऐवजी पोर्चमध्ये स्क्रीन लागला. त्यावर नंबर येतो, थोडा थांबतो आणि जातो. दिसायला चांगला आहे, पण मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही.

कुरुळीहून एक बाई तारखेला यायची. पॅकिंगच्या कामाला होती, पोटगीचा अर्ज होता, घरी शाळेत जाणारी मुलगी. त्या दिवशी ती माझ्या टेबलामागच्या बाकावर बसली आणि तिने विचारलं, “मामा कुठायत?”

“निवृत्त झाले,” मी टाइप करता करताच म्हणाले.

तिने मान हलवली आणि कडुनिंबाला टेकून डोळे मिटले. मी एक प्रतिज्ञापत्र संपवायच्या घाईत होते. नंबर कधी येऊन गेला, मला कळलंच नाही. जाग आल्यावर ती वर जाऊन आली, तोवर अर्ज निकालात निघाला होता. ती माझ्यावर चिडली नाही. ओढणी सारखी करत एवढंच म्हणाली, “मागच्या तारखेला मी नाव सांगितलं होतं त्यांना.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी मी मामांना फोन केला.

सगळं ऐकून त्यांनी विचारलं, “कुटं झोपली व्हती?”

“माझ्या बाकावर.”

“मग तुमाला ऐकू न्हाई आलं?”

“पुकारा झालाच नाही, मामा.”

मामांनी हळूच विचारलं, “नाव काय तिचं?” मी सांगितलं. त्यांनी ते एकदा म्हणून पाहिलं, अगदी पुकाऱ्यासारखं, शेवट लांबवून. आवाज पार बारीक झाला होता. मामांची इतकी आठवण मला त्याआधी कधी आली नव्हती.

अर्ज पुन्हा चालवावा म्हणून विनंती मीच टाइप केली. तारीख पडली. रजा काही मिळाली नाही, ती रात्रपाळी करूनच आली. मी माझी खुर्ची पोर्चकडे फिरवली आणि तिला म्हणाले, “झोप बिनघोर. फक्त नंबर सांगून झोप.”

दुपारी नंबर लागला. मी तिला हलवलं. ती बाकाखाली चपला शोधायला लागली, तेवढ्यात मी धापा टाकत वर गेले. दारात उभी राहिले आणि तोंडातून निघून गेलं, “साहेब, पार्टी जिन्यात आहे.”

नव्या साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “आपण कोण?”

मी दारातून बाजूला झाले. मागे तिच्या चपला वाजत होत्या. या वेळी पार्टी खरंच जिन्यात होती, आणि ते सांगायला मामा हवे होते.