बोलत आलेला पेशंट

छप्पन सालच्या धम्मदीक्षेत आमच्या घरातून देव गेले. वडील सांगायचे, देवांसोबत भुतंही त्याच टोपलीत भरली आणि इरई नदीला दिली. त्यामुळे मी लहानपणापासून मसणवटीतून शॉर्टकट मारणारा. त्यात काम विजेचं. पंखा बंद पडला तर वायर तपासायची, एवढंच माझं तत्त्वज्ञान. आजही अशा गोष्टी कुणी सांगू लागलं की मी आधी विचारतो – तिथे व्होल्टेज किती होतं? पण एका प्रसंगात व्होल्टेज मी स्वतः मोजलं होतं, आणि तरीही हिशोब लागत नाही. तोच लिहितो आहे.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. चंद्रपुरात परकोटाबाहेर एका ट्रस्टचा दवाखाना होता, तिथे मी इलेक्ट्रिशियन. जनरेटर, एक्स-रे मशीन, ऑपरेशन थिएटरचे दिवे, सगळं माझ्याकडे. माझी मोठी बहीण सुमनबाई तिथेच आया. तिला ती नोकरी का करावी लागली, ते आधी सांगतो.

भाऊजी आलापल्लीच्या पुढे जंगलात एका कंत्राटदाराकडे ट्रक भरायचे. बाई त्याच कॅम्पवर मजुरांचा स्वयंपाक करायची. एका सकाळी ट्रकवरचं लाकूड घसरलं आणि भाऊजींना डाव्या कानाच्या वर लागलं. थोडा वेळ बेशुद्ध पडले... मग उठून बसले. चहा प्याले. "लाकडालेच विचारा, त्याले लागलं का!" म्हणून थट्टाही केली. पण बाईचं मन मानेना. कंत्राटदाराची जीप समोर उभी होती. तिने चंद्रपूरला न्यायला जीप मागितली.

"बोलून राह्यला ना तो! मंग काय झालं त्याले?" शेठ म्हणाला. "जीप का वरातीची आहे का?"

दुपारी भाऊजींना उलट्या सुरू झाल्या, जीभ जड झाली. बाई पुन्हा गेली. शेठ जेवत होता. म्हणाला, "झोपू दे त्याले, उतरंल." दिवस मावळायच्या आत भाऊजी गेले. जीप दिवसभर जागची हलली नव्हती. शेठचं नाव मी लिहीत नाही, त्याची मुलं अजून त्याच धंद्यात आहेत. पण मी ते नाव विसरलेलो नाही.

बाई चंद्रपूरला आली, दवाखान्यात आया म्हणून लागली आणि हे सगळं तिने नशीब म्हणून गिळलं. सात वर्षं. मग ते ट्रेनिंग आलं.

नागपूरहून मेंदूचे एक सर्जन दोन दिवसांसाठी आले. आपल्या भागात कोळशाच्या खाणी, लाकडाचे ट्रक, जंगलातले रस्ते... डोक्याला मार लागलेले पेशंट रोजचे. स्कॅनचं मशीन आमच्याकडे नव्हतं आणि नागपूर दीडशे किलोमीटर. म्हणून चंद्रपूर-गडचिरोलीच्या साध्या सर्जनांनाच कवटीला छिद्र करून आत साचलेलं रक्त कसं काढायचं ते हाताने करून शिकवायचं ठरलं. त्यासाठी आधी नारळ, मग बोकडाची डोकी. जुनं हत्यार सुताराच्या हातड्रिलसारखं, हाताने फिरवायचं. आणि सोबत दवाखान्याने घेतलेलं नवं इलेक्ट्रिक ड्रिल. ते चालू-बंद करायला आणि स्टॅबिलायझर सांभाळायला मी.

त्या ड्रिलची खुबी अशी की टोकाला समोरून कडक काही लागत असेल तोवरच ते कापतं. हाड संपलं, समोर मऊ किंवा मोकळं लागलं, की मोटर चालू असली तरी टोक आपोआप थांबतं. मेंदूला धक्का नाही. पहिल्या नारळावर ते फिरलं, करवंटी कापली आणि खोबऱ्यापाशी टक्कन थांबलं. पाण्याचा थेंब नाही आला.

"साहेब, पाणी आलं तर?" बल्लारपूरच्या डॉक्टरांनी विचारलं.

"तर पेशंट गेला. चटणी तुम्ही करायची!" सगळे हसले.

मग साहेब गंभीर झाले. म्हणाले, "एक लक्षात ठेवा. जो बेशुद्ध येतो, त्याची धावपळ सगळेच करतात. तुम्ही बोलत आलेल्या पेशंटला भ्या. मार लागतो, शुद्ध जाते, परत येते, माणूस चांगला बोलतो... आणि तेवढ्या वेळात आत रक्त साचत असतं. तोच वेळ तुमच्या हातात असतो."

बाई तिथे करवंटीचा भुसा झाडत होती. झाडू थांबला. ती पुढे आली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "साहेब, सकाळी बोलून राह्यला असंल... चहा पेला असंल... अन् सांजेले गेला असंल, तं वाचला असता का?"

साहेबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "वेळेत आणला असता तर बहुतेक वाचला असता, बाई."

"केवढं छेद पाडा लागलं असतं?"

त्यांनी नारळावरचं छिद्र दाखवलं. कोटाच्या बटणाएवढं. बाईने त्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "हा नारळ मी नेऊ का?"

तो नारळ तिने खाल्ला नाही, फोडला नाही. स्टाफच्या खोलीत आपल्या डब्याशेजारी ठेवला. येता-जाता त्याला बोट लावायची. तेव्हापासून ती शेठचं नाव घ्यायला लागली. रोज, डबा खाताना. रडत नव्हती. नुसतं नाव.

ट्रेनिंगनंतर दहा-बारा दिवस झाले असतील. एप्रिलचं ऊन, सकाळची ओपीडी. दारात एक जीप थांबली, समोरचा भाग चेपलेला. त्यातून शेठ उतरला. डोक्याला रुमाल दाबलेला, मोठ्याने बोलत. "काई नाई झालं मले! झाडाले घासली जीप. पाच मिनिटं डोळ्यापुढं अंधारी आली, बस. पट्टी मारा अन् सोडा."

मार डाव्या कानाच्या वर होता.

बाई माझ्याकडे आली. चेहरा अगदी शांत. "बाळू, तो आला," ती म्हणाली. "बोलून राह्यला."

आमच्या सर्जननी ट्रेनिंगमध्ये शिकलेलं सोडलं नाही. शेठ नको नको म्हणत असताना त्याला भरती केलं, दर थोड्या वेळाने डोळे तपासत राहिले. दुपारी त्याची जीभ अडखळायला लागली. उजवा हात ढिला पडला, डाव्या डोळ्याची बाहुली मोठी झाली. लगेच थिएटरमध्ये घेतला.

मी स्टॅबिलायझरपाशी उभा होतो. सर्जननी ड्रिल हवेत चालू करून पाहिलं, मोटर छान चालली. कवटीला टेकवलं... टोक फिरेना. उचललं, मोटर चालूच. टेकवलं, टोक थांबलेलंच. हाडावर ओरखडासुद्धा नाही.

"बाळू, करंट बघ!"

मी मीटर लावला. दोनशे वीस. प्लग, वायर, पायाचं बटण, सगळं पाहिलं. ड्रिलचं टोक बदललं, पुन्हा तेच. "अरे, समोर हाड आहे, मला दिसतंय!" सर्जन ओरडले. "हे असं थांबतंय, जणू समोर काही नाहीच!"

त्यांनी मला ते ड्रिल बाहेर नेऊन कशावर तरी चालवून बघायला सांगितलं. दारात बाई उभी होती. तिच्या हातात तो नारळ. जणू कुणी मागणार हे तिला माहीत होतं. मी जुन्या छिद्राशेजारी टोक टेकवलं. करवंटी कापली गेली, खोबऱ्यापाशी टक्कन थांबलं. सर्जन दारातून बघत होते. मशीन निरोगी होतं.

नवं टोक लावून पुन्हा आत नेलं. शेठच्या डोक्याला टेकवलं. थांबलं.

तेव्हा मी दाराच्या काचेकडे पाहिलं. बाई आत बघत होती. शेठकडे नाही, सर्जनकडेही नाही. टेबलाच्या पलीकडे, जिथे कुणी उभं नव्हतं, तिकडे. तिचे ओठ हलले आणि मला स्पष्ट ऐकू आलं, "घाई नका करू."

शेवटी जुनं हातड्रिल काढलं. ते कपाटात होतं, उकळून घ्यावं लागलं. त्यात जो वेळ गेला तो गेला. हाताने मात्र काम झालं. रक्ताची काळी गाठ निघाली, बाहुली लहान झाली. शेठ वाचला. चालायला लागला, जेवायला लागला. फक्त बोलणं गेलं. एक शब्दही नाही.

त्याचा मुलगा माझ्या अंगावर धावून आला. "तूच मशीन बिघडवली! तुझा भाटवा, बहिणीचा नवरा, आमच्याकडं कामाले होता, मले सगळं माहीत आहे. तुले जेलात टाकतो!" नोकरी जायची वेळ आली होती. सर्जननी त्याला थांबवलं. "नारळ माझ्यासमोर कापला गेला," असं त्यांनी लिहूनच दिलं. कंपनीचा इंजिनिअर आला, ड्रिल खोलून पाहिलं, काही सापडलं नाही. त्याच आठवड्यात खाणीतल्या एका पोराच्या डोक्याला ते वापरलं. पहिल्या दाबात काम झालं. पुढे मी तिथे होतो तोवर ते एकदाही असं थांबलं नाही.

मी त्याला हात लावला नव्हता. लावायचा असता तर फ्यूज काढायला क्षण पुरला असता. पण मला वाईट वाटलं का? नाही. आजही वाटत नाही.

शेठला पुढे दर महिन्याला तपासणीला आणायचे. बाई त्याच्यासाठी चहा घेऊन जायची. समोर स्टूल ओढून बसायची आणि हळू आवाजात म्हणायची, "बोला ना, शेठ. बोललं म्हंजे काई नाई झालं." त्याचं तोंड उघडायचं, मिटायचं, डोळ्यांतून पाणी यायचं. त्याचा सगळा चहा पिऊन होईपर्यंत बाई बसायची. पुढच्या महिन्यात परत तेच. शेवटी घरच्यांनी त्याला आणणं बंद केलं.

भूत वगैरे मी आजही मानत नाही. पण दोनशे वीस व्होल्ट, धड मशीन, समोर हाड – आणि ड्रिलला तिथे माणूसच लागत नव्हता, हे कोणत्या सर्किटमध्ये बसवायचं ते मला कळलेलं नाही.

एकदा मी बाईला विचारलं, "त्या दिवशी डॉक्टरले काऊन म्हणलं, घाई नका करू?"

बाई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "डॉक्टरले कोण म्हणलं?"