रिकाम्या खोलीतली आई

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी मला प्रोजेक्टसाठी एक पाहुणा हवा होता. पनवेलला हायवेलगतच्या एका हॉटेलच्या मॅनेजरनी मला एक खोली एका दुपारपुरती दिली होती. तिच्या भिंतीवर मी एक पांढरी डबी बसवली होती. खोलीत कोणी हललं की डबी तारेशिवाय खाली रिसेप्शनच्या कॉम्प्युटरला कळवायची आणि पडद्यावर लाल चौकोन यायचा. दहा मिनिटं काहीच हललं नाही तर चौकोन हिरवा व्हायचा. हिरवा म्हणजे खोली रिकामी. मग एसी आणि दिवे आपोआप बंद. वीज वाचते, असं मी सगळ्यांना सांगायचो. हॉटेलात राहतात कसं, ते मात्र मला नीटसं माहीत नव्हतं.

"पैसे भरणारे गेस्ट मी तुझ्या डबीखाली झोपवणार नाही," मॅनेजर म्हणाले. "माणूस तुझा आण."

आमचे सर बघायला येणार होते. त्यांनी सही केली तरच मला तोंडी परीक्षेला बसता येणार होतं, नाहीतर वर्ष गेलं. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. माझं वर्ष गेलं असतं तर ते माझ्या एकट्याचं गेलं नसतं.

माणूस म्हणून मी आईला आणलं. करंज्याच्या बंदरावर सकाळचा मासळीचा लिलाव उरकून, लग्नातली हिरवी साडी नेसून ती आली.

"मना काय कराचा हाय?" लिफ्टमध्ये तिनं विचारलं.

"काही नाही. खोलीत राहायचं. गेस्टसारखं."

"आनि त्याचे मार्क तुला?"

"हो."

"कॉलेजात ह्याच शिकवतात?"

मी तिला खोलीत नेलं. आरामात बस, एवढं सांगून मी दार ओढून खाली आलो.

रिसेप्शनला सर आणि मॅनेजर पडद्यासमोर उभे होते. चौकोन लाल होता. सर "छान" म्हणाले. आम्ही चहा घेतला. चहा संपता संपता चौकोन हिरवा झाला.

"गेल्या वाटतं," मॅनेजर म्हणाले.

"कुठे जाईल?" मी म्हणालो. "लिफ्ट तर समोरच आहे."

"रिकामी दाखवतंय ना?"

"दाखवतंय. पण आई आत आहे."

मॅनेजरनी साफसफाईच्या माणसाला वर पाठवलं. तो परत येऊन म्हणाला, "दोनदा वाजवलं, साहेब. कोणी ओ देत नाही. दाराखालच्या फटीतून उजेडही नाही."

"बघा!" मॅनेजर खूश झाले. "एसी बंद, दिवे बंद. सिस्टीम एकदम परफेक्ट आहे, सर. करा सही."

सरांनी खरंच पेन काढलं. गप्प राहिलो असतो तर सही झाली असती. पण म्हणजे वर कोणी नाही, असं ठरलं असतं.

"सर," मी म्हणालो, "पण आई आत आहे."

"तुला पास व्हायचंय ना?"

"हो, सर. पण आई आत आहे."

आम्ही तिघं वर गेलो. जाड पडदे ओढलेल्या त्या अंधारात आई खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती. चपला पिशवीत, पिशवी मांडीवर.

"लाइट गेली ना," ती हळूच म्हणाली. "मना वाटला, लय येल बसलो म्हनून यांनीच घालवली."

"मग हलली का नाहीस? दार वाजलं तेव्हा ये म्हणायचं."

"लोकांच्या घरात मी कोनाला ये म्हनू? आनि हात लावून काय बिघडला तर तुजे मार्क कापतील ना!"

मॅनेजरनी चादर पाहिली. सुरकुती नव्हती. ग्लास पालथे तसेच होते. "यांनी काहीच वापरलेलं नाही," ते सरांना म्हणाले. "आमच्या धंद्याच्या हिशोबानं खोली रिकामीच आहे. मशीन चुकलं कुठे?"

आई त्यांच्याकडे आणि मग स्वतःकडे बघायला लागली.

सरांनी पुन्हा एकदा करून बघायला सांगितलं. या वेळी मी आईला बजावलं, सारखी हलत राहा. चौकोन लाल झाला आणि लालच राहिला. माझा जीव भांड्यात पडला. मग मॅनेजर वर जाऊन आले.

"बेसिन घासलंय. चादर पुन्हा घातलीय. आता पदरानं टीव्ही पुसताहेत," ते म्हणाले. "सर, हे गेस्टचं हलणं नाही. हे स्टाफचं हलणं आहे. हे धरता येणार नाही."

साफसफाईचा माणूस तर रुसूनच बसला होता.

सरांनी माझा रिपोर्ट चाळला. मग म्हणाले, "रिपोर्टमध्ये मर्यादांचं प्रकरण असतं ना? तुझं कोरं आहे. त्यात लिही, पाहुणा संकोचून बसला तर हे यंत्र त्याला ओळखत नाही." आणि त्यांनी सही केली.

तोंडी परीक्षेला बाहेरच्या कॉलेजातून परीक्षक म्हणून आलेल्या मॅडमनी नेमकं तेच पान उघडलं.

"एवढं संकोचून कोण बसतं? हे तुम्ही कल्पनेनं लिहिलंय."

"नाही, मॅडम. बाहेर बाकावर बसलीय."

मॅडम उठल्या आणि दारातून डोकावल्या. मी सकाळी बसवली होती तिथेच आई होती. हिरवी साडी, मांडीवर पिशवी, नजर समोरच्या भिंतीवर. मॅडम बराच वेळ बघत राहिल्या. आई हलली नाही. मॅडम परत येऊन बसल्या, तोंडावर रुमाल धरून हसल्या आणि म्हणाल्या, "या तुम्ही. पास आहात."

मी बाहेर आलो.

"झाला?" आईनं मान न वळवता विचारलं.

"झालं. पास."

"मंग आता हलला तर चालंल?"