हॅस्केलच्या अंगणातली वाट

अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या त्या तळ्याकाठच्या गावात उन्हाळाभर दर बुधवारी संध्याकाळी सभागृहात व्याख्यान व्हायचं. कधी अस्वलांवर, कधी मशरूमवर, कधी नाव वल्हवण्यावर. वक्ते ठरवायचं, खुर्च्या मांडायचं, ब्लूबेरीचा केक करायचं काम व्हर्ना थिबोडोकडे होतं.

तिचा नवरा ऑरिन जंगलात वाटाड्या होता. दलदलीपलीकडे मोजडीच्या आकाराची गुलाबी ऑर्किडं फुलायची ती जागा त्याला एकट्याला ठाऊक होती. उन्हाळ्यापुरत्या येणाऱ्या हॅस्केलशी त्याची मैत्री जमली आणि विश्वासानं त्यानं ती दाखवली. कुणाला सांगणार नाही, असा शब्द हॅस्केलनं दिला होता. पुढच्याच बुधवारी त्यानं व्याख्यानात फोटो दाखवले, वर नकाशावर बोट ठेवलं. आठवड्याभरात लोकांनी रोपं मुळासकट उपटून नेली. जाब विचारायला ऑरिन त्याच्या दारात गेला, तर पाहुण्यांसमोर हॅस्केल हसला. "फुलंच ती, पुन्हा येतील की!"

ऑरिननं हाय खाल्ली. जंगलात जाणं सोडलं, आणि दोन हिवाळ्यांत तो गेला.

व्हर्ना त्यानंतरही हॅस्केलला केक वाढत राहिली. नणंद डेल्फीन चिडायची. "त्याला वाढायला हात कसा धजतो गं तुझा?"

"वाढू दे. मी विसरले नाहीये."

हॅस्केलचा जीव तळ्याच्या एका निवांत कोपऱ्यावर होता. तिथं त्याचं लाकडी घर होतं. शेजार नाही, आवाज नाही. पण पूर्वी तळ्यातला बर्फ कापून नेणाऱ्या गाड्यांची वाट त्याच्या अंगणातूनच पाण्याशी जायची. त्या वाटेवरचा हक्क गावानं कधी सोडलेला नव्हता. झाडोरा माजला होता, इतकंच.

त्या जुलैत वक्ता म्हणून व्हर्नानं स्वतःचंच नाव लावलं. सभागृह भरलं. पहिल्या रांगेत हॅस्केल. तिनं जुनी वाट दाखवली, पोहायला उथळ वाळू कुठं, मासे कुठं लागतात, सगळं सांगितलं. नकाशावर बोट ठेवलं.

हॅस्केल ताडकन उठला. "ती माझी जागा आहे!"

"जागा तुमची, वाट गावाची. बसा साहेब, केक यायचाय."

लोक हसले. रविवारपासून त्याच्या ओसरीसमोरून टोपल्या, कुत्री, होड्या, रेडिओ जाऊ लागले. त्यानं साखळी लावली, गावानं ती काढायला लावली. ऑगस्टमध्ये तो व्हर्नाच्या दारात उभा राहिला.

"ऑरिनला इतकं लागेल असं मला वाटलं नव्हतं, व्हर्ना. लोकांना सांग, येऊ नका म्हणून."

"तो तुमच्या दारात आला होता तेव्हा तुम्ही हसलात. मी हसत नाहीये, तेवढं तुमचं नशीब." तिनं दार लावलं. आत डेल्फीननं विचारलं, "झालं समाधान?"

"झालं."

थंडी पडायच्या आत हॅस्केलनं घर विकलं. सामानाची गाडी निघाली तेव्हा व्हर्ना दुकानात पीठ घेत होती. तिनं मान वर केली नाही.

नंतर ती एकटीच त्या कोपऱ्यावर गेली. काठ तुडवला जाऊन उघडा पडला होता, नेचे चिखलात गेले होते, पाण्यात डबे तरंगत होते. तिला काठाचं फार वाईट वाटलं. हॅस्केलचं नाही. तिनं बाह्या सरसावल्या आणि डबे गोळा करायला पाण्यात उतरली.