सरपंचताईंची खुर्ची

आज मुखेडजवळच्या एका गावात सरपंचताईंना मुलाखतीसाठी भेटले. प्रश्न वहीत लिहून नेले होते.

"सगळ्यात अवघड काय गेलं?"

"खुर्ची," त्या हसल्या. "पहिल्या ग्रामसभेला सासरे समोरच. त्यांच्यापुढं सून खुर्चीवर कशी बसंल? मी उभीच राहिले. मग तेच उठून बाहेर गेले. तवापासून सभेत येतच न्हाईत."

विचारल्याशिवाय कुणाच्या घरातलं लिहू नये, ही आईची शिकवण. म्हणून ओसरीवर बसलेल्या सासऱ्यांनाच विचारलं.

"लिही की, बाई. सभेच्या खिडकीबाहेर बसून समदं ऐकतो, हे बी लिही. लई चांगलं बोलती सून."

माझ्यासाठी असं कोण उठून गेलं असेल, आणि मला कळलंच नसेल? तुम्हाला कुणी आठवतंय?