व्याह्यांनी गालिचा वाखाणला

सागिनालीने म्हातारपणी घर सजवायला काढलं तेव्हा आमचं अख्खं सारी-बुलाक गाव त्याच्या कुंपणाशी येऊन हसून गेलं. सगळ्यांत जवळून हसलो तो मी, कारण त्याच्या आणि माझ्या अंगणांच्या मध्ये फक्त एक पाण्याचा पाट आडवा जातो. पण आधी माणूस कोण ते सांगतो, नाहीतर म्हणाल, या म्हाताऱ्याच्या गोष्टीला शेंडाबुडखाच नसतो.

सागिनाली आमच्या गावचा पाटकरी. डोंगरातून येणारं पाणी घेवड्याच्या शेतांना पाळीपाळीने सोडायचं, आणि कुणी चोरून बांध फोडला तर त्याच्या दारात जाऊन शिव्या घालायच्या, हे त्याचं काम. इतका सरळ की एकदा सख्ख्या भावाचं पाणी मधेच तोडलं. भाऊ धावत आला, "अरे, माझा घेवडा वाळतोय!" हा म्हणाला, "मला भाऊ तू म्हणतोस, तुझा घेवडा म्हणत नाही. पाळी संपली." भाऊ वर्षभर बोलला नाही. सागिनाली म्हणायचा, बरंच झालं, कानाला विश्रांती.

तर त्याच पाटाने त्याचं घर पोखरलं. पाट मागच्या भिंतीला घासून जातो आणि भिंत कच्च्या विटांची. ओल खालून चढत चढत वर गेली, मग एक भेग पडली, आणि भेगेतून हात घातला तर बाहेरच्या गवताला लागेल एवढी ती रुंदावली. पाट हलवावा तर खालच्या सगळ्या शेतांचं पाणी तुटतं. भिंत नवी घालावी तर आधी छत उतरवायला हवं, आणि छत उतरवायला तरणा माणूस हवा. घरातला तरणा माणूस म्हणजे मुलगा जामिर, आणि तो रशियात. तिथे मोठमोठ्या इमारतींना रंग देतो म्हणे. आधी त्याचे फोन यायचे, मग सणावारी यायला लागले, मग सणही कोरडे जाऊ लागले.

मागे राहिली त्याची बायको कानिशाय, गुणाची पोर, आणि त्यांची तान्ही मुलगी मीरिम. हिवाळाभर त्या ओलीत मीरिम खोकली. असं खोकायची की पाटापलीकडे माझी बायको कूस बदलायची. बर्फ वितळलं तसे कानिशायचे वडील मुकानबेत गाडी घेऊन आले आणि दोघींना खिंडीपलीकडच्या आपल्या गावी घेऊन गेले. भांडण नाही, टोमणा नाही. आमच्याकडे व्याह्याला कुदा म्हणतात. मुकानबेत म्हणाले, "कुदा, पोरीला श्वास घेता येईल असं घर झालं की कळवा. मी स्वतः आणून सोडीन." भला माणूस. भल्या माणसाशी भांडताही येत नाही, हीच पंचाईत.

आता मुद्दा ऐका. आमच्यात मूल पहिली पावलं टाकू लागलं की त्याच्या पायांना काळ्यापांढऱ्या लोकरीची दोरी बांधतात. पोरं लांबून धावत येतात, जो पहिला पोचेल त्याने सुरीने ती दोरी कापायची, मग मूल मोकळं होऊन चालू लागतं. हे सगळं बापाच्या अंगणात व्हायचं असतं. बाप नव्हता, पण अंगण होतं. मीरिम तिकडे भिंत धरून उभी राहू लागली असा निरोप आला आणि सागिनालीचं जेवण तुटलं.

"तुरात," तो मला म्हणाला, "दोरी तिकडे कापली गेली तर पोर तिकडचीच झाली. मग मी कोण?"

"आजोबा," मी म्हणालो.

"कुणाच्या घरचा?"

म्हटलं, चल, कुठून सुरुवात करायची ते सांग.

त्या वर्षी गावात सामान विकणारे पुष्कळ आणि घेणारा एकटा सागिनाली. माणसं घरं बंद करून चालली होती, फाटकाबाहेर कपाटं, पलंग, आरसे मांडून ठेवत होती. हा हातगाडीवर घेवड्याची पोती घालून जायचा आणि परत येताना कुणाचं तरी आयुष्य लादून आणायचा. शाळामास्तरांचं काचेचं कपाट आणलं ते दारातून आत जाईना. "डोकं कापू की पाय?" सागिनाली करवत घेऊन विचारतो. पाय कापले. आत नेल्यावर ते बुटकं दिसायला लागलं म्हणून खाली विटा लावल्या, विटांना कपाटाचाच रंग दिला. त्याच्यावरचे ओरखडे अक्रोडाच्या गराने घासून घालवायचे होते. मी घासत होतो आणि अधूनमधून तोंडात टाकत होतो.

"तुरात, थोडे कपाटालाही ठेव!"

"कपाटाला दात कुठे आहेत?"

सोफा आणला तो ज्यांच्या ओसरीत पडला होता त्यांची कोंबडी त्यात अंडी घालायची. सोफा आला, मागोमाग कोंबडीही आली, तिला तीनदा पाटापलीकडे हाकलावं लागलं. सोफ्याचं कापड फाटलेलं. सागिनाली बराच वेळ त्याच्याकडे बघत बसला, मग आत जाऊन बुरुलचा, त्याच्या गेलेल्या बायकोचा, मखमली कोट घेऊन आला आणि उसवायला बसला. त्या वेळी मी विनोद केला नाही. माझ्यासारख्यालाही कधी कधी कळतं.

भिंतींना चुना दिला, चुन्यात नीळ घातली. बटाटा अर्धा कापून त्यावर मेंढ्याच्या शिंगाची नक्षी कोरली आणि रंगात बुडवून ठसे मारत गेलो. एक बटाटा वाकडा कापला गेला, त्यामुळे अर्ध्या खोलीत शिंगं उमटली आणि अर्ध्या खोलीत गोगलगाई. पण खरं सांगतो, दारात उभं राहून पाहिलं तर खोली हसत होती. कुंपणाशी येऊन हसणाऱ्या बायका आता आत येऊन पडद्याला हात लावून जाऊ लागल्या.

फक्त मागची भिंत हसेना. तिच्यावर चुना टिकेना. गिलावा केला तर चार दिवसांत ढेकळं खाली. कागद चिकटवला तर तो रात्रीतून सुटून जिभेसारखा लोंबायचा. शेवटी भेगेत पोती कोंबली आणि डाकघरात काम करणाऱ्या बाईचा लाल गालिचा आणला. ती मुलीकडे रशियाला चालली होती. घेवडा संपला होता, म्हणून गालिच्यासाठी वासरू दिलं. भिंतीपेक्षा मोठा गालिचा! भिंतीत खिळे धरत नव्हते, म्हणून वरच्या तुळईला ठोकले. मी खालून पेलून धरला होता, माझी मान महिनाभर वाकडी होती.

"ओल दिसत नाही," सागिनाली मागे सरून म्हणाला.

"पण वास?"

"अर्चाचा धूर करू." अर्चा हे आमचं डोंगरातलं सुवासिक झाड, त्याच्या डहाळ्या आमच्याकडे भूत घालवायलाही जाळतात.

"आणि हिवाळ्यात रे?"

"हिवाळ्याआधी जामिर येईल. भिंत पाडू. आधी दोरी तर कापू दे."

मी धूर करायला घेतला.

आता एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्यात व्याह्याने घरातली एखादी वस्तू वाखाणली तर ती त्याला द्यावी लागते. वाखाणलेली वस्तू घरात ठेवली तर ती घराला लाभत नाही. माझ्या मामाच्या घरी एकदा व्याही आले, म्हणाले, "वा, काय खोगीर आहे!" मामाने खोगीर दिलं. मग मामा त्यांच्याकडे गेला आणि म्हणाला, "वा, काय घोडा आहे! खोगीर तर शोभून दिसतंय!" हा मामा पुढे गावातला शहाणा म्हणून प्रसिद्ध झाला. म्हणून शहाणी माणसं व्याह्याकडे गेली की हवा वाखाणतात, डोंगर वाखाणतात, देता येणार नाही असं काहीही वाखाणतात.

मुकानबेत शहाणे होते. उन्हाळ्याच्या तोंडाशी ते सहकुटुंब आले. पत्नी जुराकान, कानिशाय आणि तिच्या कडेवर मीरिम. आणि मी स्वतः पाहिलं, गाडीच्या मागे कानिशायची पेटी होती. दोरीने बांधलेली मोठी पेटी. सागिनालीनेही पाहिली. त्याने माझा दंड असा दाबला की अजून आठवतो.

मेंढा कापला होता. मुकानबेतना दारासमोरच्या मानाच्या जागी बसवलं, म्हणजे गालिचा त्यांच्या पाठीशी. ही सागिनालीची योजना. विहीणबाई खोलीभर हिंडल्या, सोफ्याची मखमल चाचपली, नाकाने हळूच वास घेतला, अर्चाचाच वास आला. म्हणाल्या, "कुदा, घर बदललंत हो."

"रिकामा माणूस काय करणार, विहीणबाई? भिंतींशी खेळतो."

"ही गोगलगाय आहे का?"

"मेंढ्याचं शिंग आहे," सागिनाली म्हणाला. "मेंढा जरा थकलेला."

कानिशाय खुदकन हसली. ती आपल्या जुन्या जागी, समोवारशेजारी बसून चहा ओतत होती, कुणी न सांगता. मीरिम कपाटाच्या रंगवलेल्या विटा धरून उभी राहिली, एक हात सोडला, परत धरला. मुकानबेत म्हणाले, "वा, काय हवा आहे तुमच्याकडे!" मग म्हणाले, "वा, डोंगर अगदी दारात आलाय!" मी मनात म्हणालो, शहाणा माणूस.

जेवण झालं. मुकानबेतनी हात वर करून आशीर्वाद दिला, घराला, पिकाला, पोरीच्या पायांना. "पोरीची दोरी याच अंगणात कापू," ते म्हणाले. सागिनालीचे डोळे भरले. मुकानबेतचेही भरले. आणि त्या भरल्या डोळ्यांनी ते मागे वळले, गालिच्यावर हात फिरवला आणि म्हणाले, "असा लाल... माझ्या आईच्या घरात अगदी असाच होता. किती सुंदर आहे!"

मुकानबेतनी जीभ चावली. "नाही, नाही, कुदा! म्हातारा झालोय, तोंडातून गेलं!"

"तुमचाच आहे," सागिनाली म्हणाला आणि बाकावर चढला. देवाशपथ, त्याचे हात डोक्याच्या आधी उठले. जन्मभराची सवय. कुणाचं देणं असलं की त्याच्या हाताला विचार करायला वेळच नसायचा. पहिला खिळा काढला, आणि दुसऱ्यावर हात थांबला. त्याला आठवलं.

मी उठलो. "अरे, उद्या मी गाढवावर घालून पोचवतो की! जेवल्यावर कोण गालिचे काढतं?"

"बरोबर आहे," मुकानबेत घाईने म्हणाले. "उतरा, कुदा, उतरा."

पण गालिचा जड होता आणि एका बाजूचा आधार सुटला होता. दुसरा खिळा आपणच निघाला, मग तिसरा, मग सगळा गालिचा सरसरत खाली आला आणि त्याच्याबरोबर कागद, गिलावा, ओली पोती, सगळंच. भिंत काळी होती. भेगेतून बाहेरचा पाट दिसत होता, त्यावरचं ऊन दिसत होतं. आणि वास आला. अर्चाचा नव्हे.

मीरिम खोकली. धुळीने खोकली असेल, कुणीही खोकलं असतं. पण विहीणबाईंनी तिला उचललं.

कानिशायने सगळे वाडगे धुतले, पुसले, काचेच्या कपाटात एकेक लावून ठेवले. मग फडक्याला हात पुसत सागिनालीसमोर वाकली. "बाबा, चहाची पूड वरच्या फळीवर ठेवलीय." एवढंच. गाडीतली पेटी कुणी उतरवली नाही.

मुकानबेत गालिचा घेईनात. सागिनाली ऐकेना. "वाखाणलात, आता तो या घराचा नाही." शेवटी तो गाडीच्या टपावर बांधला. मुकानबेतनी त्याला मिठी मारली आणि कानात काहीतरी सांगितलं. काय, ते मी विचारलं नाही. मी विचारलं नाही अशी ही माझ्या आयुष्यातली बहुधा एकच गोष्ट.

दोरी शरदात कापली, खिंडीपलीकडे. आम्हा दोघांना आग्रहाचं बोलावणं होतं. सागिनालीला मानाच्या जागी बसवलं. मग अंगणात पोरं धावली, एका जाड्या पोरीने सगळ्यांना मागे टाकून दोरी कापली, सगळे ओरडले. मीरिम उभी. एकीकडे आई हात पसरून बसलेली, एकीकडे मुकानबेत. विहीणबाई म्हणाल्या, "जा बाळा, पाहुण्या आजोबांकडे जा!" वाईट मनाने नव्हे, तोंडातून निघालं. सागिनाली खाली बसला, हात पुढे केले. मीरिम त्याच्याकडे आली, डुलत डुलत, त्याच्या गुडघ्याला हात टेकवला, तोंड निरखलं आणि वळून मुकानबेतकडे गेली. सगळ्यांत मोठ्याने सागिनालीच हसला.

"चालते छान, नाही?" तो मला म्हणाला.

"छान चालते."

परतीची गाडी सुटायची होती म्हणून आम्ही मांस तसंच टाकून उठलो. विहीणबाईंनी ते फडक्यात बांधून त्याच्या हातात दिलं, लांबून आलेल्या पाहुण्याला देतात तसं.