भोवऱ्याचा भुंगा केला!

रविवारी माझं डोकं असं फिरलं की अजून ठिकाणावर आलेलं नाही...

दिल्लीतल्या द्वारकेच्या आमच्या मराठी मंडळात माझं भाषण होतं. आईबाबा तिथेच राहतात, मी मुनिरकात खोली घेऊन पीएचडी करते. विषय मीच कळवला होता, 'लेझरने भोवरे हलवताना'.

लॅबमध्ये इंग्रजी, बाहेर हिंदी... या कामाबद्दल मराठीत पहिल्यांदाच बोलणार होते. मी दिवसभर नक्की काय करते हे आईला एकदा तरी नीट कळावं, एवढीच इच्छा होती.

हॉलच्या दारात पोस्टर. त्यावर एक गुबगुबीत काळा भुंगा, आणि त्याच्यावर लाल लेझर रोखलेली मी!!

आमचे सेक्रेटरीकाका जन्मापासून दिल्लीचे. त्यांनी भोवऱ्याचा सरळ हिंदीतला भंवरा, म्हणजे भुंगा, करून टाकला होता. मी चूक दाखवली तर म्हणाले, "अरे बेटा, एकच ना यार! आणि भुंगा किती क्यूट दिसतोय."

चूक मी समजू शकते. पण "एकच ना"? माझी इतक्या वर्षांची मेहनत, आणि यांना एकच?

वर माइकवरून ओळख काय करून दिली, तर "आपली ही मुलगी लेझरने भुंगे पकडते!" सगळा हॉल हसला. बाबासुद्धा हसले. संतापाने माझे कान तापले, लॅपटॉप उचलून सरळ मेट्रो गाठावीशी वाटली...

तेवढ्यात मागून आवाज आला, "भुंगा नाही हो, भोवरा!"

आई उभी होती. हळदीकुंकवाचं आमंत्रण सोडलं तर मंडळात कधी तोंड न उघडणारी माझी आई.

"मोरीत बादली ओतली की भोकाशी पाणी गरगरतं ना, तो भोवरा. हिच्या त्या गारठवलेल्या सुपरकंडक्टरमधून वीज विनाअडथळा धावते. त्याच्याजवळ चुंबक आणलं की आत विजेचे तसे बारीक बारीक भोवरे होतात. ते भरकटले की वीज अडखळते. ही लेझरने एक ठिपका किंचित गरम करते, भोवरा त्या उबेकडे ओढला जातो. मग ठिपका नेईल तिकडे तो जातो. हसण्यासारखं काय आहे यात?"

काका "अच्छा, अच्छा" करत खाली बसले.

फोनवर मी लॅबचं रडगाणं लावायचे तेव्हा आई नुसती "हं... हं..." करायची. मला वाटायचं, तिचं लक्ष कुकरच्या शिट्ट्यांकडे असणार.

काकांवरचा राग अजून तसाच आहे, सांगून ठेवते. भाषण मात्र फार छोटं झालं... मुख्य मुद्दा आई आधीच सांगून बसली होती.